संमतीपत्राची कुळकथा

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी फाइल येते. "नातेवाईक कोण? इथे सही करा." पेशंट खाटेवर चांगला शुद्धीवर, बोलताचालता असतो, पेन मात्र मुलाच्या नाहीतर जावयाच्या हाती जातं. हे वर्षानुवर्षं चालत आलंय आणि ते चूक आहे.

कारण या कागदामागची मागणी पेशंटचीच होती. १७६७ साली इंग्लंडमध्ये स्लेटर नावाच्या गृहस्थाने एका सर्जनवर आणि एका औषधवाल्यावर दावा लावला. त्याच्या पायाचं मोडलेलं हाड जुळत आलं होतं. पट्टी सोडायला बोलावलेल्या या दोघांनी ते पुन्हा मोडलं आणि पाय ताणायला दातेरी लोखंडी यंत्र चढवलं. कोर्टात इतर सर्जनांनीच साक्ष दिली, की असं काही करण्याआधी पेशंटला विचारण्याची आमची रीत आहे. स्लेटरला ५०० पौंड भरपाई मिळाली. विचारण्याची रीत डॉक्टरांचीच होती, कोर्टाने तिला बळ दिलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

सहीचा कागद दिसतो तो १९०० साली, हवानाजवळ. पीतज्वर डासांमुळे पसरतो का, हे वॉल्टर रीडच्या पथकाला तपासायचं होतं. प्रयोगाला तयार झालेल्या स्पॅनिश मजुरांशी लेखी करार झाले: १०० डॉलर सोन्यात, आजार झालाच तर आणखी १००. गरिबाला दाखवलेलं हे आमिष खटकतंच. पण जिवाला धोका आहे हे त्यांना त्यांच्या भाषेत लिहून दिलं होतं. आपल्याकडे कित्येक फॉर्म आजही इंग्रजीत असतात.

१९१४ साली न्यूयॉर्कच्या न्यायमूर्ती कार्डोझोंनी तत्त्व स्पष्ट केलं: सज्ञान, शुद्धीवरच्या माणसाच्या देहाचा निर्णय त्याचाच; परवानगीविना ऑपरेशन म्हणजे अंगावर हात टाकणं. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यानंतर १९४७ च्या न्युरेंबर्ग संहितेने प्रयोगांसाठी स्वेच्छेची संमती पहिल्या कलमात घातली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निकाल १६ जानेवारी २००८ चा. दिल्लीतल्या ४४ वर्षांच्या एका अविवाहित बाईंनी दुर्बिणीने तपासणी करायला होकार दिला होता. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची परवानगी घेतली गेली आणि गर्भाशय व अंडाशयं काढली गेली. न्यायालयाने सांगितलं, की पेशंट सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे आणि जिवावर बेतलेलं नाही, तर आईची संमती चालत नाही. तपासणीचा होकार हा उपचाराचा होकार नव्हे. उपचार काय, पर्याय कोणते, धोके कोणते, उपचार नाकारले तर काय होईल, हे आधी सांगायलाच हवं. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावं लागणारं ऑपरेशन तेवढं न्यायालयाने यातून वगळलं.