‘१’ चा ‘९’ होऊ नये म्हणून

दिवाळीच्या सुमारास भंडारा जिल्ह्यात धानाची गडबड सुरू होते. लाखांदूर असो की साकोली, धान विकायचं तर नोंदणी लागते आणि नोंदणीला सातबारा लागतो. म्हणून सेवा केंद्रासमोर रांग लागते. मग कधीतरी आतून दोन शब्द येतात : सर्व्हर डाऊन. झाडीपट्टीत हा शब्द आता इतका रुळलाय, की एखाद्या आजोबांना वाटावं, सर्व्हर नावाचे कुणी साहेब आज रजेवर आहेत.

सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी रात्रंदिवस चालू असलेला संगणक. महाभूलेखवर आपण ‘नागपूर’ विभाग निवडतो, गाव आणि गट नंबर टाकतो, तेव्हा उत्तर तिकडून येतं. सेवा केंद्राच्या टेबलावरचा संगणक फक्त प्रश्न पाठवतो. या दोन्हींच्या आत प्रोसेसर असतो. बहुतेक वेळा हे दोन प्रोसेसर एकमेकांचे चुलतभाऊ असतात, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी पट. हा फरक कशाचा? त्यासाठी १९९८ सालात जावं लागेल. तेव्हा गोंदियाही भंडारा जिल्ह्यातच होता. तो वेगळा झाला १ मे १९९९ ला.

एका घरातले दोन भाऊ

१९९८ च्या एप्रिलमध्ये इंटेलने सेलेरॉन बाजारात आणला. वेग २६६ मेगाहर्ट्झ, किंमत दीडशे डॉलरच्या आसपास. स्वस्त घरगुती संगणकांसाठी. जूनअखेर त्याच कंपनीने पेंटियम टू झिऑन आणला. वेग ४०० मेगाहर्ट्झ, किंमत हजार डॉलरच्या वर. हा बँका, मोठ्या कंपन्या आणि सर्व्हरसाठी. गंमत म्हणजे दोघांचा गाभा एकच होता. हिशेब करणारं डोकं एकाच आराखड्यावरचं. फरक मुख्यतः आजूबाजूला होता, आणि त्यातला सगळ्यात मोठा फरक कॅशचा.

कॅश समजायला आपल्याकडे सोपी गोष्ट आहे : मामा तलाव. मामा म्हणजे माजी मालगुजारी. वैनगंगेला पाणी कितीही असो, ते प्रत्येक बांधीपर्यंत वेळेत पोचत नाही. म्हणून कोहळी मंडळींनी गावोगाव तलाव बांधले, पावसाचं पाणी शेताजवळच साठवलं. प्रोसेसरचंही तसंच. मुख्य मेमरी मोठी, पण त्याच्या मानाने दूर आणि मंद. म्हणून वारंवार लागणारी माहिती तो जवळच्या छोट्या साठ्यात ठेवतो. तो साठा म्हणजे कॅश.

झिऑनला ५१२ किलोबाइट किंवा त्याहून मोठी दुसऱ्या पातळीची कॅश होती, तीही प्रोसेसरच्याच वेगाने चालणारी. पहिल्या सेलेरॉनमधून इंटेलने पैसे वाचवायला ही दुसऱ्या पातळीची कॅश सरळ काढूनच टाकली. तलाव बुजवून धान लावल्यासारखं झालं. चिप अनेक कामांत रखडायची आणि तिच्यावर भरपूर टीका झाली.

चूक सुधारायला इंटेलला चार महिने लागले. ऑगस्टमध्ये सेलेरॉन ३००ए आला. त्यात १२८ किलोबाइटच कॅश होती, पण ती त्याच चिपवर आणि पूर्ण वेगाची. तलाव लहान, पण अगदी बांधाला लागून. त्यावेळच्या महागड्या पेंटियम टूची कॅश ५१२ किलोबाइटची असली तरी ती अर्ध्या वेगाने चालायची. मग हौशी पोरांनी शोधून काढलं, की बोर्डाचा ६६ मेगाहर्ट्झचा ठेका १०० वर नेला तर ३०० चा सेलेरॉन ४५० वर पळतो. १९९९ मध्ये अबिट कंपनीचा बीपी६ हा बोर्ड आला, त्यावर दोन सेलेरॉन शेजारी शेजारी बसवता यायचे. दोन प्रोसेसर ही तोवर श्रीमंत सर्व्हरची मिरास होती. ती घराघरात पोचली.

स्वस्त चिप म्हणजे कमअस्सल चिप नव्हे, हे तेव्हाच सिद्ध झालं. मग सर्व्हरवाले जास्तीचे पैसे कशाचे मोजत होते?

पुण्यातले दोन रस्ते

हाच प्रश्न महाराष्ट्रात दहा वर्षं आधी वेगळ्या रूपात आला होता. ऐंशीच्या दशकात महासंगणक द्यायला अमेरिका सहजी तयार नव्हती. दिल्लीत हवामान अंदाजासाठी क्रे एक्स-एमपी आला, तोही कडक अटींवर. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. तिची धुरा विजय भटकरांकडे होती. ते अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले.

क्रेसारखा एकच बलाढ्य प्रोसेसर बनवणं आपल्या आवाक्यात नव्हतं. सी-डॅकने दुसरा रस्ता धरला. इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचा ट्रान्सप्युटर नावाचा छोटा प्रोसेसर होता. त्याला चार जोडण्या असायच्या, म्हणजे चार शेजाऱ्यांशी थेट बोलता यायचं. असे अनेक टी८०० प्रोसेसर एकमेकांना जोडून १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. एक हत्ती मिळत नसेल तर पुष्कळ बैल जुंपा, असा तो हिशेब. अवघड काम होतं ते बैलांना एकाच दिशेने चालवण्याचं, म्हणजे सॉफ्टवेअरचं.

पुण्यातच २००७ मध्ये टाटांच्या कंपनीने ‘एका’ हा महासंगणक उभा केला. त्या नोव्हेंबरच्या जागतिक यादीत तो चौथा आला. त्याच्या आत इंटेलचे झिऑन होते, हजारोंच्या संख्येने. म्हणजे घरगुती पीसीच्या घराण्यातल्या चिपनेच महासंगणकाची जागा घेतली होती. बैल जुंपण्याचा रस्ता जिंकला, फक्त बैल आता सर्व्हरच्या गोठ्यातले होते.

एक बिट

मग सर्व्हरचा बैल वेगळा कशात? गाभे जास्त असतात, मेमरी पुष्कळ लावता येते, एका बोर्डावर दोन-चार प्रोसेसर बसतात. पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जाहिरातीत दिसत नाही : चूक ओळखण्याची सोय.

संगणकाच्या मेमरीत सगळं काही शून्य आणि एकमध्ये असतं. कधीकधी एखादा बिट आपोआप उलटतो. कारण चिपमधला दोष असेल, नाहीतर अवकाशातून आलेला एखादा कण. गूगलच्या सर्व्हरांवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त मेमरी पट्ट्यांमध्ये किमान एक चूक सापडली होती. तोवर ही गोष्ट बरीच दुर्मिळ समजली जायची.

एका बिटने काय होतं? युनिकोडमध्ये देवनागरी ‘१’ च्या क्रमांकाचे शेवटचे चार बिट आहेत ०१११ आणि ‘९’ चे ११११. फक्त एक बिट उलटला की ‘१’ चा ‘९’ होतो. जुन्या तलाठ्यांच्या अक्षरात १ आणि ९ मध्ये गल्लत व्हायची, तशीच ही यंत्राची गल्लत. १.२० हेक्टरचं शेत ९.२० हेक्टर होईल, किंवा उलटं. हे उलटं ज्याच्या वाट्याला येईल, त्याने काय करायचं?

कागदावरच्या चुकीसाठी आपल्याकडे उपाय आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो. सातबारा संगणकावर चढवताना झालेल्या चुकांसाठी हे कलम किती उपयोगी पडलं, ते गावात कुणालाही विचारा. पण त्यासाठी चूक आधी कुणाच्या तरी नजरेला पडावी लागते. मेमरीतली चूक गुपचूप होते.

म्हणून सर्व्हरमध्ये ईसीसी मेमरी वापरतात. दर ६४ बिटांमागे ८ बिट जास्तीचे, निव्वळ पडताळणीसाठी. एक बिट उलटला तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो, दोन उलटले तर निदान कळतं. साध्या घरगुती बोर्डावर ही सोय सहसा नसते. तुमच्या गेममध्ये एक बिट उलटला तर एखादा ठिपका चुकीच्या रंगाचा दिसेल. सातबाऱ्यात उलटला तर भावकीत कोर्टकचेरी होईल. जास्तीचे पैसे जातात ते इथे.

मग घ्यायचं काय?

आता तुमच्या खिशाचा प्रश्न. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले जुने झिऑन सेकंडहॅण्ड बाजारात स्वस्तात मिळतात आणि ‘आठ कोर’ वाचून मन पाघळतं. उदाहरण घ्या. झिऑन ई५-२६७० हा २०१२ चा, आठ गाभ्यांचा, ११५ वॅटचा. तेव्हा त्याची किंमत दीड हजार डॉलरच्या वर होती. समोर २०२२ चा कोर आय३-१२१००. चार गाभे, ६० वॅट, किंमत सव्वाशे डॉलरच्या आसपास. गाभे निम्मे, पण त्यातला एकेक गाभा जुन्या झिऑनच्या गाभ्यापेक्षा कितीतरी जलद. अभ्यास, कोडिंग, रोजचं काम यासाठी आय३ बरा. शिवाय त्यात चित्र दाखवण्याची सोय आतच आहे. झिऑनला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, वीजबिल वाढतं, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो नाही. एकाच वेळी खूप कामं चालवायची असतील, सर्व्हर शिकायचा असेल आणि हाती जुना बोर्ड स्वस्तात लागला, तर झिऑनची हौस करायला हरकत नाही.

सर्व्हर डाऊन होण्यामागे मात्र बहुतेकदा प्रोसेसर नसतो. एकाच वेळी उसळलेली गर्दी, तुटलेली लाइन, नाहीतर कच्चं सॉफ्टवेअर ही कारणं जास्त. तेव्हा पुढच्या वेळी रांगेत उभे असाल आणि शेजारचे काका वैतागतील, तर त्यांना एवढं सांगा : सर्व्हर थांबला तर दिवस वाया जातो, पण चुकला तर शेत जाऊ शकतं. आणि सातबारा हातात पडला की क्षेत्राचा आकडा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्या.