परक्या मूत्रपिंडाचें स्वागत

मूत्रपिंडाच्या रोपणास दाता व शल्यविशारद यांच्या जोडीस एका तिसऱ्याची संमति लागते; तो तिसरा म्हणजे रोग्याचें स्वतःचें शरीर. परकें कांहीं आंत शिरलें कीं त्यावर तुटून पडावें, हा शरीराचा धर्म. त्यामुळेंच आपण साथीच्या रोगांतून वांचतों. आणि त्यामुळेंच भावानें प्रेमानें दिलेलें मूत्रपिंडही शत्रु ठरतें. ही संमति मिळविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

त्याचा आरंभ गोठ्यांत झाला. 1945 सालीं अमेरिकेंतील रे ओवेन यांनीं दाखविलें कीं, गाईच्या जुळ्या वासरांच्या रक्तांत जन्मानंतरही एकमेकांच्या पेशी नांदतात. गर्भांत त्यांच्या रक्तवाहिन्या जोडल्या गेलेल्या असतात. जन्मापूर्वीं ओळख झालेला परका पुढें परका वाटत नाहीं! हें सूत्र धरून इंग्लंडांत मेडावर, बिलिंगहॅम व ब्रेंट यांनीं गर्भस्थ उंदरांस दुसऱ्या वाणाच्या उंदरांच्या पेशी टोंचल्या. मोठेपणीं त्यांनीं त्या वाणाच्या कातडीचें ठिगळ स्वीकारलें, असें 1953 सालीं प्रसिद्ध झालें.

परंतु वाढलेल्या मनुष्यास पुनः गर्भांत कसें न्यावें? डिसेंबर 1954 मध्यें बोस्टन येथें डॉ. जोसेफ मरे यांनीं केलेलें रोपण साधलें, तें दाता व रोगी एकरूप जुळे बंधु असल्यामुळें. आपल्याकडे मे 1965 मध्यें मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत पहिला प्रयत्न झाला. रोगी वांचला नाहीं. 1971 सालीं वेल्लोर येथें यश आलें. पुढें सायक्लोस्पोरिनसारख्या औषधांनीं शरीराचा विरोध दडपला. परंतु अशीं औषधें कायम घ्यावीं लागतात, खर्च सुटत नाहीं, आणि पहारेकरी निजविल्यामुळें इतर रोगांस वाट मोकळी होते.

म्हणून वैद्य पुनः वासरांच्या धड्याकडे वळले. मूत्रपिंडाबरोबर दात्याच्या मूलपेशी, म्हणजे ज्यांपासून इतर पेशी घडतात त्या आद्य पेशी, रोग्यास दिल्या तर ओळख पटेल, ही कल्पना. अहमदाबादेस डॉ. हरगोविंद लक्ष्मीशंकर त्रिवेदी व त्यांचे सहकारी यांनीं दात्याच्या चरबींतील व अस्थिमज्जेंतील अशा पेशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेंतून देऊन औषधांची मात्रा उतरविण्याचा उद्योग केला. बोस्टनच्या वैद्यांनीं 2008 सालीं पांच रोग्यांचा वृत्तांत दिला: मूत्रपिंडासह अस्थिमज्जा दिल्यावर चौघांचीं औषधें थांबवितां आलीं; पांचव्याचें मूत्रपिंड मात्र टिकलें नाहीं.

त्या पांचव्याचें स्मरण ठेवावें. हा उपचार अद्याप सर्वत्र रूढ झालेला नाहीं. तेव्हां आमच्या पूर्णेंत असो वा मुंबईंत, रोपण झालेल्या कोणीही अशी वार्ता ऐकून डॉक्टरांच्या अनुज्ञेवांचून एकही गोळी सोडूं नये.