रेणूंचे प्रकाशीय आयनीभवन व कुलाब्याचे चुंबकीय वेध

पुरेशा ऊर्जेचा प्रकाश शोषला गेल्याने रेणूतील एखादा इलेक्ट्रॉन सुटून रेणूचे धन आयनात रूपांतर होते. या क्रियेस प्रकाशीय आयनीभवन म्हणतात. पृथ्वीच्या उच्च वातावरणात ती रोज घडते. इलेक्ट्रॉनाचा शोध १८९७ मध्ये लागला. तथापि या क्रियेचा परिणाम मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्याआधी अर्धशतक नोंदला जात होता.

कुलाब्यास १८४१ पासून भूचुंबकीय वेध घेण्यात येऊ लागले. चुंबकीय क्षेत्राची क्षितिजसमांतर तीव्रता सूर्योदयानंतर वाढून मध्यान्हाच्या सुमारास कमाल होते व रात्री जवळजवळ स्थिर राहते, असे त्यांत आढळले. उच्च वातावरणातील विद्युत् प्रवाह यास कारण असावेत, असे बॅल्फोर स्ट्यूअर्ट यांनी १८८२ मध्ये सुचविले. आर्थर शूस्टर यांनी १८८९ मध्ये मुंबई, ग्रिनिच, लिस्बन व सेंट पीटर्झबर्ग येथील नोंदींचे गणिती विश्लेषण करून या बदलाचा मुख्य उगम भूपृष्ठाच्या वर असल्याचे दाखविले. तेथील हवा संवाहक कशी होते, याचे कारण म्हणून त्यांनी १९०८ मध्ये सूर्याच्या जंबुपार प्रारणाकडे बोट दाखविले.

या तर्काचा आधार पुढे पुंज सिद्धांताने स्पष्ट झाला. ऑक्सिजनाच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढण्यास १२·०७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. जांभळ्या प्रकाशाच्या फोटॉनात ती सु. ३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच असते. म्हणून १०२·७ नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचे प्रारणच ऑक्सिजनाचे आयनीभवन करू शकते. नायट्रिक ऑक्साइडास मात्र ९·२६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. सु. १०० ते १५० किमी. उंचीवर या दोन्ही रेणूंचे आयन प्रामुख्याने आढळतात. वाऱ्यांबरोबर ही संवाहक हवा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून हालते व विद्युत् प्रवाह निर्माण होतात. सूर्यास्तानंतर रेणवीय आयन इलेक्ट्रॉनांशी संयोग पावून अणूंत विभागले जातात. ही क्रिया जलद असल्याने प्रवाह क्षीण होतात. रात्रीच्या स्थिरतेचे कारण हेच होय.

कुलाब्याच्या १८४६–१९०५ या काळातील नोंदी वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी १९१० मध्ये संकलित करून प्रसिद्ध केल्या. विजेवरील ट्रामगाड्यांचा व्यत्यय टाळण्यासाठी अलिबाग येथे १९०४ मध्ये नवी वेधशाळा सुरू झाली. दोन्ही ठिकाणी काही काळ एकाच वेळी वेध घेऊन त्यांची तुलना करण्यात आल्याने ही वेधमालिका अखंड राहिली आहे.