एका संचाची एकुलती तबकडी

श्रोतेहो, तुळजापूरच्या गोंधळात संबळाची लय चढली की बसलेल्या माणसाचे भान कसे सुटते, हे धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला सांगावयास नको. आज हकीकत सांगणार आहे ती अशाच भान हरपवणाऱ्या, पण विजेवर वाजणाऱ्या संगीताची.

१९६५ च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेतल्या तरुणांनी विजेच्या गिटारीचा आवाज मुद्दाम फाडावयास सुरुवात केली. जत्रेत कर्णा फार मोठा केला की आवाज चिरकतो ना? आपण त्याला बिघाड म्हणतो. या मंडळींनी त्याचाच अलंकार केला. यंत्राच्या ताकदीबाहेर आवाज गेला की ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जातात आणि मूळ सुरासंगे नवे सूर उमटतात. स्वप्नात ऐकल्यासारख्या या संगीताला सायकेडेलिक रॉक हे नाव पडले.

हे वारे मुंबईलाही लागले. इंपीरियल टोबॅको कंपनीने ‘सिमला बीट’ नावाची स्पर्धा भरवली आणि निवडक संचांच्या १९७० व १९७१ च्या ध्वनिमुद्रिका काढल्या. सिगारेटवाल्यांनी गवयांना आश्रय द्यावा, हीसुद्धा एक गंमतच!

त्याच मुंबईत कीथ कांगा यांचा ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ हा संच गाजत होता. होटेलांत, कॉलेजांत वर्षानुवर्षे वाजवले. तबकडी मात्र एकच, ‘ऑब्सेशन ७७’. तीही बाजारात आली १९८१ साली, संच पांगल्यावर! पहिली आणि शेवटची तीच. वाजवणारेच एकत्र नाहीत, तर तिचा गवगवा कोण करणार? ती विसरली गेली. पण तबकडी होती म्हणून हाती लागली. २०११ साली अमेरिकेतल्या नाऊ-अगेन या कंपनीने ती पुन्हा काढली आणि परदेशातले रसिक ती मागवू लागले. होटेलांतल्या त्या साऱ्या रात्रींपैकी आज ऐकावयास मिळते ते एवढेच, तासाभराच्या आतबाहेरचे.

गुरुजी, तुमच्या गावच्या गोंधळ्याला रात्रभराची आख्याने तोंडपाठ असतील. त्यातली मुद्रित झालेली किती? तबकडीचा खर्च आता नाही, खिशातला फोन पुरतो. नाव, गाव, तारीख तेवढी लिहून ठेवावी लागते.

तुम्ही विचाराल, हे सारे इंग्रजीतच राहिले काय? नाही. नट आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे मुंबईच्या ‘वेल्व्हेट फॉग’ या रॉक संचात गात असत. १९७८ साली पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगभूमीवर आले. मूळ नाटक जर्मन लेखक ब्रेख्तचे, १९२८ चे. डॉ. जब्बार पटेलांनी त्यातल्या अंकुशची भूमिका या रॉक गायकाला दिली. लावणी आणि नाट्यगीतांच्या शेजारी, त्याच रंगमंचावर, रॉक मराठीतून गायला गेला. नंदू भेंडे २०१४ साली वारले.