तुम्ही बोलता कोणाशी?

ध्रुवीकरण म्हटलं की आपण लगेच मोबाइलकडे बोट दाखवतो. मला या विषयाच्या इतिहासात मोबाइलपेक्षा एक जुना, साधा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: तुम्ही बोलता कोणाशी?

१९४० साली अमेरिकेत रूझवेल्ट विरुद्ध विल्की अशी अध्यक्षपदाची निवडणूक होती. व्हिएन्नाहून आलेले समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी ओहायोतल्या ईरी काउंटीतल्या ६०० मतदारांना मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा भेटत राहिले. रेडिओ आणि वर्तमानपत्रांतला प्रचार मतं कशी फिरवतो, हे त्यांना बघायचं होतं. हाती आलं भलतंच. बहुतेकांची मतं फिरलीच नाहीत. एका घरातली माणसं बहुधा एकाच पक्षाला मत देत होती. ज्यांना घरचे एकीकडे आणि मित्र दुसरीकडे ओढत होते, ते निर्णय लांबवत किंवा त्यांचा निवडणुकीतला रसच कमी होई.

म्हणजे माणूस समजायचा तर त्याचा गोतावळाही विचारायला हवा. १९८४ साली इंडियानातल्या साउथ बेंड शहरात रॉबर्ट हकफेल्ड आणि जॉन स्प्राग यांनी तेच केलं. तुम्ही राजकारणावर कोणाशी बोलता, असं मतदारांना विचारलं आणि ज्यांची नावं आली त्यांच्यापैकी अनेकांनाही गाठलं. आता 'माझा मित्र कोणाला मत देणार' हा अंदाज मित्राच्याच उत्तराशी ताडून बघता येत होता. मतं जुळत होती तिथे अंदाज सहसा बरोबर निघाले. मतभेद होता तिथे जास्त चुकले. समोरचा वेगळा विचार करतो, हे रोजच्या गप्पांतूनही कळलेलं नव्हतं.

अशा पाहण्यांची मर्यादाही आहे. मित्रांमुळे मत बनतं की मतामुळे मित्र निवडले जातात, हे एकदाच विचारून सांगता येत नाही. त्यासाठी त्याच माणसांकडे पुन्हा जावं लागतं.

मला खरी टोचणी लागते ती डायना मट्झ यांच्या २००६च्या पुस्तकाने. वेगळ्या मताच्या माणसांशी बोलणारे विरोधकांबद्दल जास्त सहिष्णू असतात, पण राजकारणात कमी उतरतात, असं त्यांना दिसलं. याचं बी ईरी काउंटीतच होतं. दुसरी बाजू कळलेला माणूस घरी थांबतो आणि मोर्चा निघतो तो एकाच सुरात बोलणाऱ्यांचा. लोकशाहीला तर दोघंही हवेत.