धामापूरचं तळं: पाचशे वर्षांचा अपटाइम

सिंधुदुर्ग म्हटलं की आपल्याला किल्ला आठवतो, तारकर्ली आठवते आणि ताटातली सुरमई आठवते. पाणी म्हणजे खारं, समुद्राचं. पण मालवणहून चौक्यामार्गे कुडाळला जाताना वाटेत धामापूर लागतं. तिथे दोन डोंगरांच्या कुशीत ५५ हेक्टरचं गोड्या पाण्याचं तळं आहे, काठावर भगवतीचं देऊळ आणि सभोवती गर्द झाडी. बघताक्षणी नैसर्गिकच वाटतं. पण हे तळं चक्क बांधलेलं आहे, १५३० साली!

आता प्रश्न असा की जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे तळं बांधायचंच कशाला? याचं उत्तर जांभ्या दगडात आहे. जांभा म्हणजे स्पंज. सड्यावर पडलेलं पाणी तो पिऊन टाकतो, ते खाली चिकणमातीच्या थरापर्यंत जातं आणि डोंगराच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतं. हे झरे दिवाळीत खळाळतात आणि एप्रिलात बरेचसे गप्प होतात. बाकीचं पाणी व्हाळांतून थेट समुद्रात. म्हणजे धो धो पाऊस आणि मे महिन्यात बावीचा तळ दिसतोय, हे कोकणातलं जुनंच दुखणं.

धामापूर आणि काळसे गावच्या लोकांनी यावर उपाय केला. विजयनगरचा मांडलिक नागेश देसाई याने गावकऱ्यांना हाताशी धरून हे काम केलं असं सांगतात. काळ बघा. कृष्णदेवराय आदल्याच वर्षी गेलेला. पोर्तुगीजांनी आपली राजधानी कोचीनहून गोव्याला आणली ती याच १५३० साली. आग्र्याला बाबर मेला तोही याच वर्षी. शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून शंभर वर्षं होती. ही सगळी मंडळी पाठ्यपुस्तकात आहेत. नागेश देसाई मात्र नाही. (आपल्याकडे लढाई हा इतिहास आणि पाणी हा भूगोल, असं खातेवाटप शाळेतच झालेलं असतं!)

दोन डोंगरांमधली खिंड मातीचा बांध घालून अडवली. लांबी २७१ मीटर, उंची ११ मीटर, म्हणजे साडेतीन मजली इमारतीएवढी. दोन्ही टोकांना पाट काढले. पाणी साठतं सुमारे २४४ कोटी लिटर, भिजतं २३७ हेक्टर. म्हणून वायंगणी भात होतो, माडा-पोफळीच्या बागा होतात.

हे ज्ञान आलं कुठून? विजयनगरकरांकडे याचं चक्क डॉक्युमेंटेशन होतं. आंध्रात कडप्पा जिल्ह्यात पोरुमामिल्ला इथे बुक्करायाचा मुलगा भास्कर याने बांधलेला तलाव आहे. तिथल्या १३६९ च्या संस्कृत शिलालेखात चांगल्या तळ्याची बारा अंगं आणि सहा दोष दिले आहेत. अंगं म्हणजे रिक्वायरमेंट्स: पाण्याचं शास्त्र जाणणारा माणूस हवा, घट्ट माती हवी, जवळ दगडाची खाण हवी. दोष म्हणजे बग्ज: बांधातून पाणी पाझरणं, खारी जमीन, तळ्याच्या मधेच उंचवटा, आणि पाणी थोडं पण भिजवायची जमीन फार. दोन राज्यांच्या सीमेवर तळं बांधू नये, हाही एक दोष! (कावेरीवाल्यांनी हा शिलालेख वाचायला हरकत नव्हती.) हजार मजूर, शंभर गाड्या, दोन वर्षं, असा प्रोजेक्ट प्लॅनही त्यात आहे. धामापूरकरांनी तो वाचला असेल असं मी म्हणत नाही, पण दोन डोंगरांमधली जागा निवडणारा माणूस त्याच परंपरेतला वाटतो.

मातीच्या बांधाची खरी परीक्षा बांधून झाल्यावर सुरू होते. वरून पाणी गेलं तर तो वाहून जातो. आतून पाझर लागला तर पोखरला जातो. त्यामुळे सांडवा मोकळा ठेवा, झाडांची मुळं काढा, बिळं बुजवा, आणि हे दरवर्षी. नाहीतर काय होतं ते आपण २ जुलै २०१९ च्या रात्री पाहिलं. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटलं. वीसहून अधिक माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तेव्हाच्या मंत्र्यांनी खापर फोडलं खेकड्यांवर! अहो, खेकडे धामापूरच्या बाजूलाही आहेतच की. तिवऱ्याच्या धरणाला वीस वर्षंही झाली नव्हती.

धामापूरची एक दंतकथा प्रसिद्ध आहे. लग्नकार्याला दागिने हवे असले की परडीत फुलं ठेवून ती तळ्यात सोडायची, परडी बुडायची आणि सोन्याचे दागिने घेऊन वर यायची. कार्य झालं की दागिने परत करायचे. एकदा कोणीतरी परत केले नाहीत, आणि ते बंदच झालं. अशीच गोष्ट इतर बऱ्याच तळ्यांची आणि डोहांचीही सांगतात, कुठे दागिने तर कुठे जेवणावळीची भांडी. मला ही सामाईक पाण्याची नियमावलीच वाटते: लागेल तेवढं घ्या, पण मालक होऊ नका.

आज मालवण शहराचं नळाचं पाणी याच तळ्यातून जातं. म्हणजे किल्ला बघायला आलेला पर्यटक हॉटेलात शॉवर सोडतो, तेव्हा १५३० चा बांध कामावर असतो. पण तळं भरतं ते वरच्या डोंगरातून. झाडी गेली, जांभा चिरेखाणीत गेला, तर झरे आटतील आणि गाळ तेवढा खाली येईल. बांध कितीही भक्कम असला तरी त्याला काय करणार?

२०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने धामापूरला जागतिक वारसा सिंचन रचनांच्या यादीत घेतलं. त्या वर्षी भारतातली चार ठिकाणं निवडली गेली. बाकीची तिन्ही आंध्रातली, आणि त्यात पोरुमामिल्लाचा तलावही होता.