पौर्णिमेचे सूर्यग्रहण

चकलीचा साचा दरवर्षी तोच असतो. त्याबद्दल घरात कोणी कुरकुरत नाही. पण भाजणीत खडा राहिला आणि तो दाताखाली आला, की पुढची प्रत्येक चकली माणूस बेताने चावतो. साहसकथा आणि रहस्यकथा यांचेही मला तसेच वाटते.

गिरगावच्या चाळींत आणि लालबाग-परळच्या गिरणगावात बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके एके काळी हातोहात फिरत. १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या १,०९२ रहस्यकथा प्रसिद्ध झाल्याची नोंद गिनीज बुकात आहे. म्हणजे महिन्याला जवळजवळ दोन! एवढ्या झपाट्यात ठरीव कथानक आलेच. झुंजार संकटातून सुटणार, धनंजय-छोटू गुन्हेगाराला हुडकून काढणार, हे वाचकाला पहिल्या पानावरच ठाऊक असे. तरी तो रात्र जागवी. सीतास्वयंवराचा शेवट माहीत असूनही आपण कीर्तनाला बसतोच की!

मग रसभंग होतो कशाने? माझ्या मते, हलगर्जीपणाने. लहानपणी वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकात (लेखक कोण ते सांगत नाही) दिवाणजींचा डावा हात जायबंदी होता. तीन प्रकरणांनी तो उजवा झाला. हा तोतया असणार, म्हणून मी शेवटच्या पानापर्यंत त्याच्यावर पाळत ठेवली. तोतया कोणी नव्हताच; मुद्रिते कोणी तपासली नव्हती, एवढेच! रहस्यकथेचा लेखक आपल्याला बारीकसारीक खुणा हेरायला लावतो. म्हणून तिथली चूक नुसती चूक राहत नाही, ती खोटा पुरावा होऊन बसते.

थोरामोठ्यांनाही हे चुकले नाही. कॉनन डॉइलच्या डॉक्टर वॉटसनला १८८७ च्या कादंबरीत गोळी खांद्याला लागलेली होती. १८९० मध्ये ती पायाला लागल्याचे आपण वाचतो. रायडर हॅगर्डने तर १८८५ साली ‘किंग सॉलोमन्स माइन्स’मध्ये ऐन पौर्णिमेच्या सुमारास सूर्यग्रहण घडवले! सूर्यग्रहण अवसेलाच लागते, हे आपल्याकडे पंचांग पाहणारी कोणतीही आजी सांगेल. १९९५ सालचे २४ ऑक्टोबरचे ग्रहण नाही का, भर दिवाळीत अवसेलाच आले! हॅगर्डने पुढच्या आवृत्तीत सूर्याऐवजी चंद्राला ग्रहण लावले आणि चूक निस्तरली. कथानकाचा साचा मात्र होता तसाच राहिला, आणि पुस्तक आजही वाचले जाते.

ही दुरुस्ती मला मोलाची वाटते. स्वस्तातल्या पातळ पुस्तकांच्या नशिबी दुसरी नजर क्वचितच येई. घाईत लिहायचे, घाईत छापायचे. ‘असल्या पुस्तकांना कोण एवढे बघतो?’ असे म्हणणारे पुष्कळ. पण गिरणीतली पाळी करून आलेला माणूस झोपेतला एक तास मोडून ते पुस्तक वाची. पुस्तक चार-आठ आण्यांचे असेल. त्याचा तो तास तेवढ्या किमतीचा नव्हता.